अर्धविरामापुढचं

तेव्हा कीम येणारे जगात आम्ही अकरा जण.
खरं तर दहा. गेंटच्या वान्नेसने स्वतःला दोनदा मोजलं होतं,
एकदा जनक म्हणून, एकदा वापरणारा म्हणून.
कीम म्हणजे त्याच्या बोलीत कोंब.
आणि कोंबच होता तो: बेरीज यायची, वजाबाकी यायची,
तारीख विचारली की गप्प.

क्लाक्सविकच्या बंदरात मी बोटींची यादी लावायचो,
आणि ती कीममध्येच लावायची हा हट्ट माझा.
आमच्या फेरोईत एक अ आहे,
डोक्यावर तिरपी काडी घेतलेला.
कीमला तो अनोळखी.
झेडच्याही पलीकडे उभा करायची त्याला,
आमंत्रण नसताना पंगतीला आलेल्यासारखा.
म्हणून रान्वाच्या नवऱ्याची ‘आल्वुर’
पहाटे पहिली येऊनही
बर्फाला शेवटची.

तीन दिवस तिने ऐकून घेतलं.
चौथ्या दिवशी आली, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून:
दाखव तुझी ती भाषा.

एकतीस ओळी.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिल्या,
सहावीच्या गणिताच्या वह्या बाजूला सारून,
बाहेर वारा छपराचं गवत उलटसुलट करत असताना.
गेंटला पाठवल्या.
उत्तर रात्रीच आलं:
नवव्या ओळीत एक जागा जास्त पडली आहे.
त्याच्याखाली, धन्यवाद.
आधी चूक, मग धन्यवाद,
रान्वा म्हणाली, माणूस बरा दिसतो.

दुसऱ्या सकाळी आल्वुरला बर्फ पहिला.
एवढंच हवं होतं तिला.
तिने पुन्हा कधी कीम उघडली नाही.

पण विरजण एकदा भांड्याबाहेर पडलं
की कुणाच्या घरी लागेल सांगता येत नाही.

केटाला, जिथे समुद्राने अर्धं गाव गिळलंय,
जीफा नावाची मुलगी शाळेसाठी शब्दकोश रचत होती.
तिच्या एवे भाषेत द वेगळा, ड वेगळा,
ड ला खाली शेपूट.
तिने रान्वाच्या ओळी उचलल्या,
काडीच्या जागी शेपूट बसवली,
सोळा ओळी मोडून नव्याने घातल्या
आणि परत पाठवताना लिहिलं:
तुमचा अ अजून जागेवर आहे, तपासून घ्या.
मी तपासला. होता.

मग वाल्दिव्हियाच्या कुणीतरी ती वेगवान केली.
मग कुणी छोटी केली.
मग तारखा आल्या, लीप वर्षं आली, भांडणं आली.
आवर्तन तिसरं येईपर्यंत
रान्वाची एकही ओळ उरली नव्हती.
एक सोडून.

अर्धविरामाने सुरू होणारी ओळ कीम वाचत नाही,
ती माणसांसाठी असते.
तशी एक होती, आमच्या फेरोईत, अगदी मधोमध.
कुणाला कळत नव्हती,
म्हणून कुणी पुसायला धजत नव्हतं.
आसपासचं सगळं बदललं,
लोक तिला वळसा घालून गेले,
रस्त्यात मोठा दगड असावा तसे.

गेल्या मार्चमध्ये वाल्दिव्हियाहून विचारणा आली:
हा इशारा आहे का? काढला तर काय मोडेल?
आता आम्ही चार हजारांवर आहोत, नियम आहेत,
उत्तर द्यावं लागतं.

त्या ओळीत लिहिलं आहे:
इथे थांबले. होक्नीचा दात पडला.

होक्नी आता आल्वुरवर जातो. दाढी आहे त्याला.
मी रान्वाला फोन केला. ती हसली, मग म्हणाली,
अरे, तो दात मी कुठे ठेवला कोण जाणे.

मी उत्तर लिहायला बसलो.
इशारा नाही, लिहिलं, आणि खोडलं.
काही मोडणार नाही, लिहिलं.
तेही खोडलं.
मग नुसतंच: राहू द्या.

जीफाने खाली सही केली. न विचारता.